कलमाची पट्टी

ऑक्टोबरमधला गुरुवार. दुपारची महिला सभा, आमच्या घरी. हजर: आई, खिडकीजवळच्या खाटेवर, पाठीशी दोन उशा लावून; कुमुदमावशी, घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर; मंडळीतल्या आठ-नऊ बायका, सतरंजीवर; आणि मी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, चहाचा ट्रे धरून. गैरहजर: पप्पा, कारखान्यात.

चर्चच्या मंडळीची सचिव म्हणून इतकी वर्षं सभांची इतिवृत्तं लिहिली आहेत की, हात आपोआप असाच सुरू होतो. आधी दिवस, मग हजेरी, मग कामकाज. महिला सभेचं इतिवृत्त तेव्हा कुणी ठेवत नसे. ठेवलं असतं तरी त्यात ‘प्रार्थनेचे विषय मांडण्यात आले’ एवढी एकच ओळ आली असती. त्या ओळीत काय घडलं ते कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

मी तेव्हा अकरावीत होते. नाशिकमध्ये चर्चच्या मागच्या वसाहतीत आमच्या दोन खोल्या, पुढे अंगण आणि अंगणात मांडवावर चढवलेला द्राक्षाचा एक जुना वेल. आई प्राथमिक शाळेत शिकवायची. पप्पा कारखान्यात फिटर. घराला आवाज बरेच होते. पहाटे पप्पांची सायकल उंबऱ्यावरून उतरताना साखळीचा खडखडाट, मग आईचं भाकरी थापणं, आणि थापतानाच तिचं गाणं. प्रार्थनेची वेळ सोडली तर तिला एका जागी बसून गाता येत नसे, हातात काम लागायचं. रविवारी उपासनेला निघण्याआधी ती मटणाला हळद-मीठ-आलं-लसूण लावून ठेवायची, आणि पाळकसाहेबांचा उपदेश लांबला की पप्पा घड्याळाकडे न बघता माझ्याकडे बघायचे. आम्हां दोघांच्याही डोळ्यांसमोर तेच पातेलं असायचं. संध्याकाळी जेवणं झाली की खाटेपाशी कुटुंबाची प्रार्थना. पप्पा पवित्र शास्त्र वाचत, आई गात असे, आणि मी मोठ्याने प्रार्थना करत असे. हे काम दहाव्या वर्षापासून माझ्याकडे होतं. मला ते चांगलं जमतं असं सगळे म्हणत.

ते मला कुमुदमावशीने शिकवलं होतं. ती आईची ट्रेनिंग कॉलेजपासूनची मैत्रीण, आमच्यापासून चार घरं सोडून राहायची आणि संडे स्कूल चालवायची. आधी आभार, मग क्षमा, मग दुसऱ्यांसाठी मागणं, सगळ्यात शेवटी स्वतःसाठी. माझ्या याद्यांची सुरुवात तिथून झाली असं मला अजूनही वाटतं. मावशी शिकवायची मनापासून. ख्रिस्त वेल आहे आणि आपण त्याचे फाटे आहोत हा धडा ती दरवर्षी घ्यायची. त्यासाठी आमच्या अंगणात येऊन वेलाची एक कोवळी फांदी मोडायची, पाण्याविना रिकाम्या पेल्यात ठेवायची आणि पुढच्या रविवारी ती वाळलेली फांदी वर्गात फिरवायची. लहान पोरं ती हातात घेताना घाबरायची. मीसुद्धा घाबरायचे. वेलाशी जोडलेलं राहायचं, म्हणजे फळ येतं, आणि तुटलं की असं होतं. मला हे पटलेलं होतं, आजही पटतं. फक्त आज मी पोरांना शिकवते तेव्हा फांदी मोडत नाही.

त्या उन्हाळ्यात आई आजारी पडली. पोटाचं ऑपरेशन झालं, घरी आली, पण उठेना. तिचं गाणं थांबलं. भाकऱ्या मी थापायला लागले आणि त्या जाड व्हायच्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई एकच सांगायची, “औषधं आहेतच, पण मी उभी आहे ती मंजूच्या प्रार्थनेवर.” लोक माझ्याकडे कौतुकाने बघत आणि मला घरातून निघून जावंसं वाटे. कारण माझ्या प्रार्थनेत काही उरलेलं नव्हतं. ऑपरेशनच्या आधीच कधीतरी ते आटलं. शब्द होते, क्रमही होता, आवाज कुठे हळू करायचा तेही माहीत होतं, पण पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटणं थांबलं होतं. घर बंद आहे हे कळलेलं असावं, पण शेजारी बघतायत म्हणून आपण कडी वाजवत राहावं, तसं मी रोज संध्याकाळी आईचा हात धरून बोलत होते. आईला हे कळलं तर तिचा आधारच जाईल अशी मला खात्री होती. आणि ती बरी झाली नाही तर ते माझ्या पोकळ प्रार्थनेमुळेच, अशीही खात्री होती. वय तसं होतं.

एका रविवारी वर्ग सुटल्यावर मावशी आणि मी चटया गुंडाळत होतो. ती सहज म्हणाली की, तू हल्ली सुकलीस. मी तिथेच चटईवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं. ओरडली नाही, धडा दिला नाही. माझं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, “हे तू, मी आणि प्रभू. चौथ्याला कळणार नाही.” त्या दिवशी घरी येऊन मी दोनदा भात घेतला. खूप दिवसांनी भूक लागली होती.

आता त्या गुरुवारकडे येते. महिला सभा प्रत्येक आठवड्याला वेगळ्या घरी व्हायची. आई बाहेर पडू शकत नव्हती, म्हणून ती आमच्याकडे ठेवली होती. गाणं झालं, वाचन झालं आणि शेवटी प्रार्थनेचे विषय. आमच्याकडची पद्धत अशी की, स्वतःची अडचण असेल तर सरळ सांगायची, आणि दुसऱ्याची असेल तर नाव न घेता सांगायची. ‘एक कुटुंब आहे’, ‘एक तरुण आहे’ असं. नाव न घेतल्यामुळे चहाडी होत नाही असा सगळ्यांचा प्रामाणिक समज होता. मंडळी शे-दीडशे माणसांची. ते कुटुंब कुठलं आणि तो तरुण कुणाचा हे वाक्य पुरं व्हायच्या आत सगळ्यांना कळायचं.

मी चहा घेऊन उंबऱ्यात आले तेव्हा मावशी बोलत होती. “बहिणींनो, अजून एक विषय आहे. नाव घेत नाही. आपल्यातलं एक लेकरू आहे. घरात आई आजारी आहे. लेकरू रोज आईजवळ बसून प्रार्थना करतं, पण आतून पार वाळून गेलंय. नुसते ओठ हलतात. प्रभूने त्याला परत वेलाला जोडून घ्यावं म्हणून आपण मागू या.”

त्या महिन्यात आमच्या मंडळीत अंथरुणाला खिळलेली आई एकच होती.

कुणी माझ्याकडे बघितलं नाही, आणि त्यावरूनच कळलं की सगळ्यांना समजलंय. आई पांघरुणाचा काठ सरळ करत होती. तिने तो शेवटपर्यंत सरळ केला, मग डोळे मिटले. मावशीने लांबलचक प्रार्थना केली. चांगली केली, हे मला आजही कबूल करावं लागतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ट्रे धरून उभी होते आणि चहावर साय धरत होती. आमेन झाल्यावर आई नेहमीच्या आवाजात म्हणाली, “चहा घेतल्याशिवाय कुणी जायचं नाही. मंजूने आलं घातलंय.” मी चहा दिला. कप घेताना एकीने माझं मनगट दाबलं, दुसरी म्हणाली, “खचायचं नाही हं, बाळा.” मी कप परत गोळा केले, विसळले, पालथे घातले आणि मावशीला फाटकापाशी गाठलं.

“मावशी, तू म्हणाली होतीस चौथ्याला कळणार नाही.”

“अगं, नाव घेतलं का मी?”

“आईला कळलं.”

हा विचार तिच्या मनात खरंच आलेला नव्हता, तिच्या चेहऱ्यावर दिसलं ते. मग तिने माझ्या गालावर हात ठेवला. “कळलं तर कळलं. तुझ्या आईला माझ्याइतकं कोण ओळखतं? दहाजणींनी तुझ्यासाठी मागितलं, यात वाईट काय झालं सांग बघू.”

वाईट काय झालं ते मांडून दाखवायला मला पुढची कित्येक वर्षं लागली. दुष्टाव्याने कुणी दगा दिला तर त्याला नाव ठेवता येतं. मावशीने मला प्रेमाने उघडं पाडलं होतं आणि वर ती देवासमोर रडली होती. तक्रार कुणाकडे करायची?

पप्पांकडे केली. त्यांच्या कानावर रस्त्यातच आलं होतं. ते म्हणाले, “कुमुद मनाने वाईट नाही गं. तिच्या पोटात काही राहत नाही, एवढंच.” आणि शुक्रवारी संध्याकाळी तिचा नळ गळत होता म्हणून पान्हा घेऊन तिच्याकडे गेले. तो नळ मी विसरलेले नाही. पप्पा आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. मध्ये एकदा मी विषय काढला तर म्हणाले, “गळत होता तर काय तसाच ठेवायचा?” त्यांच्या दृष्टीने नळ वेगळा आणि मी वेगळी.

आई मात्र बोलेना. गोळी दे, पाणी दे, पडदा ओढ, एवढंच. संध्याकाळी मी प्रार्थनेला बसले की, मी तोंड उघडायच्या आत म्हणायची, “आज थकले मी. उद्या बघू.” शेजारून डबा आला. कुणी शास्त्रवचन लिहिलेलं कार्ड दाराच्या फटीतून सरकवून गेलं. वाळलेल्या फांदीला जितकं पाणी देता येईल तितकं सगळे देत होते, आणि मी घरातल्या घरात आईच्या नजरेसमोर येणं टाळत होते.

शनिवारी दाविदमामा आला. तो आईचा धाकटा भाऊ, दिंडोरीकडे त्याची द्राक्षाची बाग. आमचा जुना वेल आदल्या हिवाळ्यात वाळवीने गेला होता, म्हणून त्याने होळीच्या सुमारास मांडवाखाली दोन जंगली खुंट लावून दिले होते आणि पाऊस संपता संपता त्यांच्यावर कलम करायला येईन म्हणाला होता. बागेतल्या चांगल्या वेलाच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून मोटारसायकलला बांधून आणल्या होत्या. आईची खाट खिडकीशी असल्याने तिला सगळं दिसत होतं. मामाने खुंट वीतभर उंचीवर कापला, मधोमध चीर दिली, काडीचं टोक पाचरीसारखं तासून चिरेत बसवलं आणि मला प्लास्टिकची पट्टी गुंडाळायला लावली. माझे हात चांगले आहेत, पट्टी घट्ट बसली.

मी विचारलं, जोडलं गेलं की नाही हे कळणार कसं?

“डोळा फुटला म्हंजी जोडलं,” मामा म्हणाला. “तवर पट्टी सोडून बघायचं नाय. आत काय चाललंय ते त्याचं त्याला ठावं. लोकांना लय घाई. हौसेनं सोडत्यात, चार जणांना दावत्यात, अन् तेवढ्यानंच कलम जातंय.”

खिडकीतून आईचा आवाज आला. गुरुवारपासूनचं तिचं पहिलं धड वाक्य. “दाविद, हे जरा कुमुदला जाऊन सांगून ये.”

मामाला काहीच माहीत नव्हतं. तो गुडघ्यावरची माती झटकत म्हणाला, “कुमुदताईनं कधी बाग लावली?”

आई हसली. ऑपरेशनच्या जागेवर हात दाबून धरत, “नको रे, दुखतंय,” म्हणत हसली. मी हातात कात्री धरून अंगणात उभी होते आणि मला रडू येत होतं. म्हणजे आई मावशीवर चिडली होती. माझ्या एकटीवर नाही.

मामा गेल्यावर दिवेलागणीला तिने मला खाटेवर बसवून घेतलं. विचारलं, कधीपासून. मी सांगितलं, ऑपरेशनच्या आधीपासून.

“मग रोज काय बोलत होतीस?”

“मावशीने शिकवलेलं. क्रमाने.”

“मला वाटायचं, पोरीला किती छान सुचतं.” तिने नजर छताकडे वळवली. “कुमुदचा राग आलाय मला. पण तू तिला सांगितलंस आणि मला नाही, त्याचं जास्त लागलं.”

“तू सगळ्यांना सांगत होतीस, मंजूच्या प्रार्थनेवर उभी आहे म्हणून. तुला कसं सांगणार होते मी?”

तिने पांघरुणाचा काठ पुन्हा सरळ केला. मग म्हणाली, “माझंही चुकलंच ते. मी उभी आहे ती प्रभूवर. तुझ्यावर कशाला ओझं घातलं कोण जाणे.” आणि मग, नेहमीच्या शाळेतल्या बाईंच्या आवाजात, “उद्यापासून तू बोलायचं नाही. मी बोलेन. तू नुसतं बसायचं. कंटाळा आला तरी बसायचं, काही वाटलं नाही तरी बसायचं. उठून जायचं नाही, एवढंच.”

तसं आम्ही केलं. ती बोलायची आणि मी हात धरून बसायचे. पुढे तिला मोठ्याने बोलणं जमेना, तेव्हा ती हळू बोलायची. पुढे तेही जमेना, तेव्हा आम्ही दोघी नुसत्या बसायचो. दोन कलमांपैकी एकाला दिवाळीच्या सुमारास डोळा फुटला. दुसरं काळं पडलं आणि मामाने उपटून टाकलं. पट्टी मी दोन्हींची सोडली नव्हती, तरी एक गेलंच. याचा अर्थ मी लावत बसत नाही. आई फेब्रुवारीत गेली. त्या दिवसांत द्राक्षांच्या गाड्या भरून रस्त्याने चालल्या होत्या, आणि आमच्या कलमाला फक्त पानं होती.

दफनाच्या दिवशी कुमुदमावशी मला मिठीत घ्यायला पुढे आली. मी मागे सरले. सगळ्यांनी बघितलं. त्यानंतर आम्ही एकाच मंडळीत बरीच वर्षं होतो. मी तिला ‘सलाम’ म्हणायचे, नाताळला फराळाचं ताट पाठवायचे, तिच्यानंतर संडे स्कूलही मीच घेतलं, पण तिच्या घरात पाऊल टाकलं नाही आणि तिला स्वतःचं काही सांगितलं नाही. तिलाच कशाला, मंडळीत कुणालाच नाही. सभांमध्ये प्रार्थनेचे विषय मी लिहून घेते, माझा विषय देत नाही.

लोक विचारतात, इतकं झालं तरी तुम्ही मंडळी सोडली कशी नाही. सोडायला फार काही लागलं नसतं. कॉलेज होतं, नोकरी होती, रविवार रिकामा ठेवायला कारणं ढीगभर होती. पण आईने बसायला सांगितलं होतं आणि मी सांगितलेली कामं करते. दर रविवारी त्याच बाकावर जाऊन बसले. कोरडी बसले. वर्षं गेली तशीच. मग एकदा प्रभुभोजनाचा, भाकर-द्राक्षारसाचा विधी झाल्यावर मी पेले पुसत होते. चर्चमध्ये दुसरं कुणी नव्हतं, आणि माझ्या लक्षात आलं की मी मघापासून कुणाशी तरी बोलते आहे. क्रम नव्हता. आभार नाहीत, क्षमा नाही, पेला कुठे टवकलाय आणि नवा आणायला हवा, असलंच काहीतरी. आणि पलीकडे कुणीतरी होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मंडळीसमोर साक्ष द्यायला मला उभं राहता येत नाही. इथे लिहिलं, तेवढं पुरे.

काल आमच्या वेलाची छाटणी झाली. मामाचा मुलगा येऊन करून गेला. पप्पा मांडवाखाली खुर्ची टाकून बसले होते आणि प्रत्येक काडीवर मत देत होते. खुंटावर जोड होता तिथे आता मनगटाएवढी गाठ आहे. एका वेलाची द्राक्षं ती किती, पण दरवर्षी मी करंड्या भरते आणि जे चर्चला येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी पाठवते. करंड्यांसोबत पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन जातात आणि मंडळीतलं एकजण बरोबर जातं. कुणी कधी जायचं हे मी ठरवते. कुमुदमावशी मधली काही वर्षं मुलाकडे पुण्याला होती, आता मुला-सुनेसोबत परत आलीय, नाशिकरोडला, अंथरुणाला खिळून. तिच्या घरी मी आजपर्यंत माझ्याशिवाय सगळ्यांना पाठवलं आहे. पाळकसाहेब चांगले आहेत, एकदाच म्हणाले, “तुम्ही स्वतः गेलात तर?” मी म्हटलं, बघू.

गेल्या महिन्यात तिने स्वतः फोन केला. सून कामावर गेल्यावर, दुपारी. आवाज इतका बारीक झालाय की आधी मी ओळखलंच नाही. “मंजू, तुला एकटीला सांगते,” म्हणाली आणि तिने मला एक गोष्ट सांगितली. सांगताना मध्येच थांबली, पुन्हा बोलली. मग विचारलं, “येशील का गं? काही बोलू नकोस. नुसती बस जरा.”

ती गोष्ट काय, ते मी इथे लिहिणार नाही. पप्पांना सांगितलेली नाही, पाळकसाहेबांनाही नाही, आणि महिला सभेत नाव न घेतासुद्धा तो विषय कधी निघणार नाही.

‘गुरुवारी येते’ म्हणाले होते. त्या गुरुवारी बँकेचं काम निघालं. पुढच्या गुरुवारी पप्पांचा डोळ्यांचा डॉक्टर. कालच्या छाटणीची कामं आज सगळी उरकली. काड्या गोळा केल्या, मांडवाच्या तारा ताणून घेतल्या, खत मागवलं, मामाच्या मुलाचा डबा परत पाठवला. नाशिकरोडला जायचं तेवढं राहिलं आहे.